माझगावचं चिनी देऊळ, एकास वीस : प्रकल्प नोंदी

काम : गणेशोत्सव 2024, मुंबईतल्या आमच्या माझगावच्या मंडळाचा देखावा ‘आपलं माझगाव’. चार प्रतिकृती: भंडारवाडा टेकडी, हसनाबादचा मकबरा, ग्लोरिया चर्च आणि चिनी देऊळ. पहिल्या तीन पोरांनी उचलल्या. चौथी माझ्याकडे आली, कारण ती कुणालाच नको होती. मुदत 5 सप्टेंबर. खर्च 6,000 रुपयांच्या आत. थर्माकोल 2018 च्या बंदीपासून मंडळात येत नाही, म्हणजे सगळं पुठ्ठा, लाकूड आणि कागदावर.

7 जुलै, रविवार

मंडळाच्या खोलीत बैठक. चिनी देवळाचं नाव निघाल्यावर दोन प्रश्न आले. पहिला: “आपल्याकडे चिनी देऊळ आहे?” विचारणारा डॉकयार्ड रोड स्टेशनापासून पाच मिनिटांच्या अंतरावर जन्मला, तिथेच वाढला. दुसरा प्रश्न: गलवाननंतर हे कशाला? त्यावर अध्यक्षांनी तोडगा काढला, बाजूला डॉ. कोटणिसांचा फोटो लावू. सोलापूरचे कोटणीस 1938 साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 1942 मध्ये तिकडेच वारले. माणूस मोठाच. पण चीनचा विषय अडला की दर वेळी त्यांनाच पुढे करतात. मी म्हटलं, फोटो खुशाल लावा, पण देवळाशी त्यांचा काही संबंध नाही, हे फलकावर मी लिहिणार नाही आणि संबंध आहे असंही लिहिणार नाही. ठराव मंजूर.

पोरांची मागणी एकच. शिंगांसारखी वर वळलेली छपरं, दोन ड्रॅगन, कंदील. “काका, चायनीज वाटलं पाहिजे.”

10 जुलै, बुधवार

सोमवारच्या पावसाने रस्ते अजून चिकचिकत आहेत. छत्री घेऊन जागेवर गेलो. नवाब टँक रोड, आत गल्ली. दोन मजले, लाल रंग. देऊळ आहे हे माहीत नसेल तर माणूस समोरून निघून जाईल, इतकं ते आजूबाजूच्या घरांसारखं आहे. शिंगं नाहीत, पॅगोडा नाही. सी यप कून हे त्याचं नाव, 1919 मध्ये बांधलेलं. खालच्या मजल्यावर करुणेची देवी क्वान यिन, वर योद्धा देव क्वान कुंग.

टेप लावून मापं घ्यायला कुणाच्या देवळात शिरायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. तिथे रोज देखभाल होते, दिवा-उदबत्ती होते. ते म्युझियम नव्हे. बाहेरून आठ फोटो काढले आणि आलो. गोदीत पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, फोटोवरून माप काढायची सवय आहे. दार सात फूट धरायचं आणि बाकी सगळं त्या पट्टीने मोजायचं. चूक राहते, पण सगळीकडे सारख्या प्रमाणात राहते, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही.

एकास वीस धरलं तर दार पावणेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, मजला साधारण पंधरा. दोन मजले आणि छप्पर मिळून टेबलावर मावेल.

14 जुलै, रविवार

कच्चं चित्र मंडळात दाखवलं. शांतता. मग एकजण म्हणाला, “काका, ही तर चाळ झाली.”

हो, झाली खरी. पण आहे ते तसंच आहे. पोरांच्या डोळ्यांपुढे जे चिनी देऊळ आहे ते सिनेमातलं, नाहीतर नाक्यावरच्या लाल गाडीवरचं, जिथे चायनीज भेळ मिळते. (त्यांना सांगितलं की ‘हक्का’ हा नूडल्सचा प्रकार नाही, ती माणसांची जमात आहे, आणि हे देऊळ हक्कांचं नाही, कँटनकडच्या चार तालुक्यांतल्या लोकांचं आहे. ‘मग हक्का नूडल्स कुणाचे?’ यावर बैठक दहा मिनिटं लांबली.)

ड्रॅगनवाल्यांना म्हटलं, एक आठवडा द्या. खोटं छप्पर लावायचं नाही एवढं नक्की. पण लोक थांबून बघतील असं त्यात काय आहे, हे मलाही अजून सापडलेलं नाही.

17 जुलै, बुधवार

आषाढी. काम बंद. पण डोक्यात फलकाचा मजकूर चालूच. 120 शब्दांची मर्यादा आहे आणि मी पहिल्याच शब्दावर अडलोय.

देऊळ लिहायचं की मंदिर? कोलकात्याच्या चिनी वस्तीत अशा वास्तूंना चक्क ‘चर्च’ म्हणतात. याच चार तालुकेवाल्यांचं तिथलं ठिकाण म्हणजे ‘सी इप चर्च’. इंग्रजांच्या कागदांत ‘जॉस हाउस’ असायचं. हा जॉस दिसायला चिनी, पण मुळात पोर्तुगीजांच्या ‘देउश’चा, म्हणजे देवाचाच, अपभ्रंश. पोर्तुगीज बोललेला शब्द पूर्वेकडच्या बंदरांतून फिरून इंग्रजांकडे गेला. आपलं माझगावही एके काळी पोर्तुगीजांकडेच होतं. हा धागा फलकावर मावणार नाही, इथे लिहून ठेवतो.

‘देऊळ’ ठेवलं. गल्लीतल्या मावशीही तेच म्हणतात: “चिन्यांचं देऊळ? ते काय, पुढे.”

20 जुलै, शनिवार

सामान आणलं. तीन मिलिमीटरचा बायंडिंगचा पुठ्ठा 6 ताव, आइस्क्रीमच्या काड्या 200, फेविकॉल, पोस्टर कलर. कागद चिकटवायला घरीच मैद्याची खळ शिजवली. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण घरात नात रांगते आणि मिळेल ते तोंडात घालते, म्हणून घातलं नाही.

रात्री टोरांटोला फोन केला. शाळेतला मित्र. चौथीपर्यंत एका बाकावर होतो, मग त्याचं घर सुटलं. वडील चिनी, आईही चिनी, आणि हा शिव्या मात्र शुद्ध माझगावच्या द्यायचा. अजून देतो. मी म्हटलं, तुमच्या देवळाची प्रतिकृती करतोय, नीट माहिती सांग. तो म्हणाला, “देऊळ काय रे? आम्ही ‘कून’ म्हणायचो. बाबा म्हणायचे, कूनवर जाऊन येतो. जसं तुझे बाबा म्हणायचे, खोलीवर जाऊन येतो.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ पुठ्ठा कापलाच नाही.

21 जुलै, रविवार

कालचं नीट उतरवतो, कारण सगळ्या कामाची दिशा त्याने बदलली.

सी यप म्हणजे चार तालुके: तोयसान, होयपिंग, सुनवुई, यानपिंग. पर्ल नदीच्या मुखाजवळचा, डोंगर जास्त आणि भातजमीन कमी असलेला भाग. तिथून माणसं कॅलिफोर्नियाला गेली, ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींत गेली, बोटींवर गेली. मेलबर्नमध्ये सी यपवाल्यांचं 1866 सालचं देऊळ आजही उभं आहे. कून म्हणजे गाववाल्यांची बसायची-उठायची जागा. नवखा माणूस बोटीवरून उतरला की त्याला तिथे आपली भाषा मिळायची, पाठ टेकायला जागा मिळायची, कामाचा पत्ता कळायचा, गावी पत्र लिहून द्यायला कुणीतरी भेटायचं, आणि मेलाच तर पुरायला चार खांदे. देव असायचा, कारण देवाशिवाय अशी जागा चालत नाही. भांडणं झाली तर शपथ कुणाच्या समोर घ्यायची?

आता हे आम्हाला कुणी शिकवायचं? माझे वडील राजापुराकडून आले तेव्हा लालबागच्या चाळीत गावाच्या खोलीत राहिले. एका खोलीत तीसेक माणसं, पाळीपाळीने झोपणारी, भिंतीला प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर. धोबीतलावला आणि इथे माझगावातही गोंयकारांच्या कुडी होत्या, काही आजही आहेत. जेर महाल इमारतीत एकावर एक कुडी. एकेका गावाची एकेक कूड, बोटीवरचा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायचा, ट्रंक ठेवायचा, आणि संध्याकाळी वेदीपुढे तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळ्यांनी हजर राहायचं हा नियम.

गावाची खोली, कूड, कून. तीन भाषांत एकच सोय. गोदी जवळ असली की ती आपोआप उगवते.

ठरलं. बाहेरून देखणं करायचा नाद सोडायचा. प्रतिकृती मधोमध कापायची, गोदीत आम्ही बोटीचा छेद काढायचो तशी, आणि आतून दाखवायची. एका बाजूला देवळाचा छेद, मध्ये कुडीची एक खोली, तिसरीकडे लालबागची गावाची खोली. तिन्ही एकाच पट्टीने, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी.

देवळाच्या छेदात मी दोन्ही मजल्यांवर देवच दाखवणार. 1919 मध्ये तिथे खाटा कुठे होत्या, होत्या की नव्हत्या, ते चित्र मनाने रंगवणार नाही. खाटा मी कुडीत दाखवीन, ट्रंका खोलीत दाखवीन. बघणारा जोडून घेईल.

28 जुलै, रविवार

भाच्याला घेऊन कान्हेरीला गेलो. मंडळाच्या खर्चात धरलेलं नाही.

कारण क्वान यिन. ही चिनी देवी मुळात आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बौद्ध भिक्षू कुमारजीवाने 406 साली सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यातल्या एका प्रकरणात अवलोकितेश्वर हाकेला धावून जातो: आगीत, तुरुंगात, चोरांच्या तावडीत, आणि भर समुद्रात वादळात सापडलेल्या जहाजावर. पुढच्या शतकांत चीनमध्ये त्याचं रूप हळूहळू बाईचं झालं. खलाशांनी आणि बायकांनी तिला आपलं मानलं.

कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. पावसाचं पाणी पायऱ्यांवरून ओढ्यासारखं वाहत होतं आणि आत कोरडी, थंड अंधारी जागा. भाचा आधी डोकी मोजत बसला. 90 व्या लेण्यात तोच मधे उभा आहे आणि दोन्ही अंगांना संकटांत सापडलेल्या माणसांचे छोटे चौकोन. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातही हाच देखावा आहे. तिथलं बुडायला आलेलं जहाज मी वीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि गोदीवाल्याच्या नजरेने त्याच्या बांध्यात खोडही काढली होती.

म्हणजे सह्याद्रीच्या दगडातला देव वाळवंटं आणि समुद्र ओलांडून गेला, तिकडे बाई झाला, आणि 1919 मध्ये खलाशांच्या पेटीतून माझगावला परत आला. कान्हेरीपासून एका लोकलच्या अंतरावर. भाचा म्हणाला, “मामा, मग ही तर माहेरी आली.” हे वाक्य फलकावर जाणार, परवानगी घेतली.

29 जुलै, सोमवार

मित्राचा सकाळीच मेसेज: आज क्वान कुंगचा वाढदिवस. चिनी सहाव्या महिन्याची चोविसावी तिथी. आपल्या पंचांगात बघितलं तर आषाढ वद्य नवमी, म्हणजे तोच हिशेब, चंद्र एकच असल्यामुळे.

क्वान कुंग हा खराच होऊन गेलेला सेनापती, ग्वान यू. इसवी 220 च्या सुमारास मारला गेला. तांबडा चेहरा, पोटापर्यंत दाढी, लांब दांड्याची चंद्रकोरीसारखी तलवार. पण परदेशी गेलेल्यांनी त्याला धरलं ते तलवारीसाठी नाही. त्याची गोष्ट अशी: तिघांनी भाऊ होण्याची शपथ घेतली होती. पुढे शत्रूने याला पकडलं, मान दिला, सोनं दिलं, पदवी दिली. याने सगळं मोहरबंद करून तिथेच ठेवलं आणि भावाकडे निघून गेला. ज्यांचे सख्खे भाऊ हजारो मैल दूर आहेत आणि ज्यांना शेजारच्या खाटेवरच्या माणसावर पैशाचा विश्वास टाकायचाय, त्यांना असाच देव लागणार. व्यापारीही त्याला मानतात, हाँगकाँगचे पोलीसही मानतात आणि तिथले गुंडही. हे पोरांना फार आवडलं. “म्हणजे सगळ्या पार्ट्यांचा देव!”

मूर्ती शाडूच्या मातीची, आठ सेंटिमीटर. दाढी रेशमाच्या धाग्याची. चेहरा वाळल्यावर थोडा खंडोबासारखा वाटतोय. मिश्या कमी करून बघितल्या, तरी वाटतोच.

3 ऑगस्ट, शनिवार

लाल रंगावर अख्खा दिवस गेला.

पोस्टर कलरचा लाल टोमॅटोसारखा दिसतो. शेंदूर लावून बघितला, तो नारिंगीकडे जातो आणि बघणाऱ्याला थेट मारुती आठवतो. मित्राला फोटो पाठवले, तो म्हणे अजून खोल हवा. मग आठवला हिंगूळ. चिनी लाल म्हणजे मूळचा हिंगूळच, पाऱ्याचा आणि गंधकाचा. शेंदूर हा शिशाचा. दोन्ही विषारी, दोन्ही देवाला चालतात, पोरांच्या हातात चालत नाहीत. शेवटी पोस्टर लाल तीन भाग, तपकिरी अर्धा आणि चिमूटभर गेरू. वाळल्यावर बरोबर बसला. प्रमाण इथे लिहिलंय, पुढच्या वेळी शोधत बसू नये म्हणून.

जिन्याच्या पंधरा पायऱ्या चिकटवल्या. प्रत्येक एक सेंटिमीटर. दोन वाकड्या झाल्या, तशाच ठेवल्या. माझगावात सरळ जिना कुणी पाहिलाय?

9 ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. पोरांनी हट्टच धरला की काहीतरी हललं पाहिजे. देखाव्यात हलणारं नसेल तर बायका-मुलं थांबत नाहीत, हा मंडळाचा चाळीस वर्षांचा अनुभव. मग ‘चिम’ करायचं ठरवलं.

बांबूच्या नळीत क्रमांक घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरायचा, गुडघे टेकून नळी तिरकी धरून हलवत राहायची. हलता हलता एक काडी इतरांच्या वर येते आणि जमिनीवर पडते. तिच्या क्रमांकाचं वचन काढून अर्थ लावायचा. काही देवळांत त्यावर पक्कं करायला लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर देव हो म्हणाला. दोन्ही सारख्या पडल्या तर हो मिळाला नाही.

मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. बैठकीत निम्मे कोकणी. “अरे, हा तर कौल!” आमच्या गावी देवाला कळे लावतात आणि उजवा पडतो की डावा याची वाट बघत सगळा गाव श्वास धरून बसतो. गुरव गाऱ्हाणं घालतो. इथे गाऱ्हाणं मनातल्या मनात, एवढाच फरक.

काड्यांसाठी घरातल्या जळून संपलेल्या उदबत्त्यांचे बांबूचे बुडखे वापरले. फुकट, पण एकास वीसला जाडच होतात. छेदातली नळीही मुद्दाम मोठी केली, नाहीतर दिसणारच नाही.

13 ऑगस्ट, मंगळवार

मोटर बसवली. साठ आरपीएमची गिअर मोटर, वर एक लंबगोल चाक, त्याने नळीला धक्के. पहिल्या चाचणीत सगळ्या काड्या एकदम बाहेर उडाल्या. नळी वीस अंशांवर आणली, आता एकही पडत नाही. मध्ये कुठेच जमत नाही. माणसाच्या मनगटाला जे पहिल्या खेपेला येतं ते मोटरला चार तासांत आलं नाही.

शेवटी लबाडी केली. एक काडी तारेवर ओवली, चाकाबरोबर वर येते, पडल्यासारखी होते, परत आत जाते. दर वेळी तीच काडी. भाचा म्हणाला, हा ठरवून लावलेला कौल झाला. आमच्या गावीही असे लागतात, हे त्याला अजून माहीत नाही.

18 ऑगस्ट, रविवार

चिनी सातव्या महिन्याची पौर्णिमा. भुकेल्या आत्म्यांचा दिवस. मित्र म्हणाला, आज ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी जेवण ठेवतात, कागदी पैसे जाळतात. उद्या आपली नारळी पौर्णिमा. आपल्या पितरांची पाळी आणखी महिन्याने.

त्याच्याशी आज बराच वेळ बोललो. बासष्टचा विषय मीच काढला. आम्ही चार वर्षांचे होतो. युद्ध झालं आणि आसाम, बंगाल भागातल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना, त्यात इथेच जन्मलेलीही, उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. शेवटची माणसं 1967 मध्ये सुटली. याच्या घरच्यांना छावणीत नेलं नाही. पण वडिलांना पोलिसांत हजेरी लावावी लागायची आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. “आई रोज सांगायची, रस्त्यात आपल्या भाषेत बोलू नकोस. म्हणून तर माझं मराठी तुझ्यापेक्षा चांगलं झालं.” हसला. मग म्हणाला, त्या वर्षी नव्या वर्षाच्या रात्री बाबा कूनवर गेले नाहीत. घरातच उदबत्ती लावली आणि खिडकी बंद केली.

मुंबईतून नंतर एकेक घर उठत गेलं. चपलांची दुकानं, दातांचे दवाखाने, पार्लरं, हॉटेलं. आता चॅनेलवाले वर्षातून एकदा, चिनी नव्या वर्षाला, देवळासमोर येतात आणि ‘मुंबईतलं एकमेव चिनी देऊळ’ म्हणून दोन मिनिटं दाखवतात.

22 ऑगस्ट, गुरुवार

फलकाचा मसुदा बैठकीत वाचला. बासष्टची दोन वाक्यं होती. एकाने हरकत घेतली: सणात असलं नको. दुसरा म्हणाला, सैनिक आपले मेले आणि दुःख यांचं? आवाज चढले. सेक्रेटरीताई फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “पोलिसांत हजेरी कुणी लावली? नवाब टँकच्या शेजाऱ्यांनी. आपल्याच गल्लीतल्यांनी. मग फलक कुणाबद्दल आहे?”

एक वाक्य राहिलं, एक गेलं. राहिलं ते असं: ‘1962 नंतर इथली बरीच चिनी कुटुंबं देश सोडून गेली, देवळाचा दिवा विझला नाही.’ उत्तरार्ध मला जरा भाषणासारखा वाटतो, पण त्याच्याच जिवावर पूर्वार्ध वाचला.

27 ऑगस्ट, मंगळवार

गोकुळाष्टमी काल झाली, आज दहीहंडी. निम्मी पोरं थरात, उरलेली दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीची तयारी करत. मी एकटाच.

मोठी चूक सापडली. प्रतिकृतीच्या पायावर ‘सी यप कून’ अशी तीन चिनी अक्षरं कापून लावली होती. मित्राला फोटो पाठवला. उत्तर: “आरशात बघून लिहिलंस काय?” ट्रेसिंग उलटं धरून कापलं होतं. पहिलं अक्षर ‘चार’, चौकोनी खिडकीच्या आत दोन पाय, ते उलटं झालं तरी माझ्यासारख्याला कळत नाही. पुढच्या दोघांचे बिचाऱ्यांचे हातपाय पार विरुद्ध दिशेला. पुन्हा कापली. त्यावर त्याने आणखी एक गाठ मारली: जुन्या आडव्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. म्हणजे क्रमही बदलला.

गंमत अशी की पस्तीस वर्षांत गोदीतल्या माझ्या एकाही ड्रॉइंगमध्ये डावं-उजवं चुकलं नव्हतं.

4 सप्टेंबर, बुधवार

जोडणी. तिन्ही छेद शेजारी शेजारी. डावीकडे देऊळ, मध्ये कूड, उजवीकडे लालबागची खोली. प्रत्येकात वरच्या कोपऱ्यात एक देव आणि एकच छोटा दिवा. दिव्यांची माळ अर्थातच चायना. ‘टिकणार नाही, चायनाचा माल आहे’ हे मंडळातलं ठेवणीतलं वाक्य यंदा कुणी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायला सुरुवात केली आणि देवळाकडे बघून थांबले.

खर्च 5,340. कान्हेरीचं तिकीट माझ्या खिशातून.

7 सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. हसनाबादच्या घुमटावर सोनेरी कागद, टेकडीवर खरं गवत, ग्लोरियाची घंटा वाजते. गर्दी तिकडे. आमच्याकडे लोक दोन सेकंद थांबतात, काडी वरखाली बघतात आणि पुढे जातात. लहान मुलं विचारतात, “यातलं देऊळ कुठलं?” तिन्हीत देव आणि दिवा आहे, त्यामुळे हा प्रश्न रास्तच. मी सांगत नाही, उलट विचारतो.

संध्याकाळी पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गोंयकार बराच वेळ कुडीपुढे उभे राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, ट्रंका चुकल्या. आमच्या कुडीत त्या दोन थरांत असायच्या, वरची ज्याची बोट आधी सुटणार त्याची. रात्री घरी जाऊन आगपेटीच्या चार ट्रंका आणखी केल्या.

11 सप्टेंबर, बुधवार

गौरी आल्यात म्हणून घरी काम. मोटर बंद पडली, माळ चालू आहे.

17 सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. दुपारी चारला मिरवणूक निघाली, गुलालाने सगळे ओळखू येईनासे. मी फोर्टापर्यंत चाललो, गुडघ्याने नकार दिला, परत आलो. गच्चीत बसलो तर समोर जवळजवळ पूर्ण चंद्र. टोरांटोहून फोटो आला: बशीत कापलेला मूनकेक, आत मिठाच्या अंड्याचा पिवळा बलक. आज त्यांचा शरदातला चंद्राचा सण. मी विसर्जनाच्या ढोलाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्याने ऐकला आणि लिहिलं, “आवाज कमी कर रे, बायको झोपलीय.”

22 सप्टेंबर, रविवार

मंडप उतरला. हसनाबाद आणि ग्लोरिया एका शाळेने मागून नेलं. टेकडीचं गवत वाळून गेलं. आमचे तीन छेद कुणी मागितले नाहीत, म्हणून माझ्या माळ्यावर.

आज खोक्यात भरताना बघितलं, झुरळांनी क्वान यिनच्या मागची खळीने चिकटवलेली लाल भिंत आणि लालबागच्या खोलीतलं कॅलेंडर कुरतडलंय. कुडीला हात लावलेला नाही, तिथे फेविकॉल होतं. भिंतीसाठी रंगाचं प्रमाण वर 3 ऑगस्टला आहे. खळ नवी शिजवायची आणि या वेळी मोरचूद घालायचं. नातीला तेवढा वेळ तिच्या आईकडे ठेवू.